डाव्या खांद्याचं दुखणं

काचवाला शिडीवरून पडला तेव्हा हातातली काच शाबूत राहिली आणि पोटातली प्लीहा चिरली. काच सोडली असती तर हात टेकता आला असता. पण तीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवणारा माणूस, तो काच सोडतोय थोडीच! भेटायला येणाऱ्यांना हे सांगताना हसावं की रडावं, हे त्याच्या बायकोला कळत नव्हतं.

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. डाव्या बरगड्यांखाली मुठीएवढा हा अवयव, त्याला चीर गेलीये, पण रक्त सध्या थांबलेलं दिसतंय. "लगेच कापायचं नाही. देवाने दिलंय ते राखता आलं तर राखू. मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचं." म्हणजे तोंडाने काही खायचं-प्यायचं नाही, खाटेवरून उठणं नाही, तासातासाला नाडी आणि रक्तदाब, सहा तासांनी रक्ताची तपासणी. आणि प्रत्येक वेळी सिस्टरचा ठरलेला प्रश्न, "काका, पोटात दुखतंय?"

"पहिल्यासारखं नाही," काचवाला सांगे. आणि ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, संध्याकाळचं रक्त नीट आलं तर घोटभर चहा देऊ. चहाच्या नावाने माणसाच्या तोंडावर तेज आलं. पण डॉक्टर गेले आणि घटकाभराने त्याने बायकोला खुणेने जवळ बोलावलं.

"डावा खांदा जरा चेप."

"का हो?"

"का म्हणजे? जन्मभर त्याच खांद्यावर काचा वाहिल्या. पडून पडून अवघडलाय."

ती चेपायला बसली. हा खांदा तिच्या हातांना पाठ होता. मानेच्या जरा खाली सुपारीएवढी एक गाठ. तिथे अंगठा रुतला की हा हमखास विव्हळायचा आणि मग घोरायला लागायचा. तिने गाठ दाबली. तो गप्प.

"इथे?"

"नाही गं. आत."

"मग इथे?"

"आणखी आत. खोल."

सगळा खांदा चाचपून झाला, पण दुखणं काही बोटांना सापडेना. "सिस्टरला सांगते," ती उठत म्हणाली.

"खांद्याचं काय सांगतेस? ते पोटाचं विचारतात. उगाच फाटे फोडशील आणि माझा चहा जाईल. शपथ आहे तुला माझी."

ती परत बसली. माणसाचं मन मोठं विचित्र. एका शपथेने ते खुर्चीला बांधलं जातं. समोरच्या यंत्रावर नाडीचा हिरवा आकडा होता. सकाळी तो ब्याऐंशी होता. आता चौऱ्याण्णव. तिने मनात देवाचं नाव घेतलं, पुन्हा पाहिलं. अठ्ठ्याण्णव. नाव घेऊन आकडा उतरत नाही, हे तिलाही कळत होतं. नाव घ्यायचं ते पुढचं पाऊल टाकायला बळ यावं म्हणून.

सिस्टर आली. आकडा बघून तिने स्वतः मनगट धरून नाडी मोजली. "काका, पोटात दुखतंय?"

"पहिल्यासारखं नाही."

"सिस्टर," बायको म्हणाली, "ह्यांचा खांदा दुखतोय. डावा. पण चेपून सापडत नाही. दुखणं त्या खांद्यात नाहीच."

काचवाल्याने तिच्याकडे असं पाहिलं, जशी काही घरची तिजोरीच तिने उघडी टाकली. सिस्टर रागावली नाही. फोनकडे जाता जाता एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, काकू. पोटातलं रक्त वर छातीखालच्या पडद्याला लागलं की दुखतं खांद्यात. घर ह्याचं आणि घंटा वाजते शेजारी."

पुढे धावपळ झाली. तपासणीत दिसलं, एक बारीक शीर पुन्हा झिरपत होती. डॉक्टरांनी मांडीतून नळी घालून ती आतूनच बंद केली. पोट उघडावं लागलं नाही. "आणखी थांबलो असतो, तर कदाचित लागलं असतं," ते म्हणाले. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

संध्याकाळी काचवाला छताकडे बघत पडला होता. चहा अर्थातच गेला होता.

"शपथ मोडलीस."

"मोडली. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन. आमची ओळख आहे."

 काचवाल्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "आणखी काय काय सांगितलंस त्या पोरीला?"

"घोरता ते सांगायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी नाडी ऐंशीवर स्थिरावली, आणि काचवाल्याची वाचा सुटली. "सिस्टर, डाव्या अंगठ्याला मुंग्या येतात. कानात खाजतंय. आणि मघाशी जांभई अर्धीच आली."

"काका, जांभईला ह्या तक्त्यात रकाना नाही."

"नसू दे. शेजारी कुठेतरी लिहा."

खुर्चीतल्या बायकोने ते ऐकलं. दोन दिवस ताठ बसलेली तिची मान हळूहळू कलली. काचवाला पुढचं काही सांगणार होता, तेवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," तो सिस्टरला म्हणाला. "तिला आत्ता कुठे झोप लागलीये."