कोंबडी धरलेला बार्टली

“मुलगी नाही हो ती, साहेब. माझे वडील आहेत ते!”

लिलावाला दहा मिनिटं उरली होती. लिलाव पुकारणाऱ्या टायरेलसाहेबांनी आधी भिंतीवरच्या तैलचित्राकडे पाहिलं, मग डेलियाकडे. चित्र १९११ सालचं: समुद्रकाठची वाट, लाल लोकरी घागरा, काखेत कोंबडी. यादीत छापलं होतं, ‘कोंबडीवाली मुलगी’.

“घागरा घातलाय, बाई.”

“घालणारच. आमच्या किनाऱ्यावर मुलग्यांना मोठे होईपर्यंत घागराच घालायचे. पऱ्यांना मुलगे पळवायची खोड. मुलगी समजून सोडून देतात. तीन दिवस उभं केलं म्हणे चित्रकारानं, मूठभर गोड गोळ्यांच्या बदल्यात. कोंबडीनं टोचून टोचून जीव खाल्ला.”

“पऱ्या फसल्या, तिथं साहेबांची काय कथा!” मागून फेस्टी म्हणाला. या शेजाऱ्यानंच पहाटे निघून तिला मोटारीनं डब्लिनला आणलं होतं.

चित्र विकत घेणं डेलियाला झेपणारं नव्हतं. एकतीस वर्षं तिनं सायकलवरून टपाल वाटलं होतं. पण आपला बाप बार्टली मलकेरिन पुढची शंभर वर्षं कुणाच्या तरी दिवाणखान्यात निनावी मुलगी म्हणून टांगलेला राहणार, हे तिला सहन होत नव्हतं. एकदा हातोडा पडला की संपलं.

“पुरावा काय?” साहेबांनी विचारलं.

डेलिया खुर्चीत बसली. उजवा बूट काढला, मग मोजा. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती.

“बापाकडून आलीय ही. आता चित्रातला अनवाणी पाय बघा.”

“अगं, चारचौघांत!”

“गप रे फेस्टी. सकाळी धुतलाय.”

साहेबांनी भिंग काढलं. ते पायाकडून चित्राकडे, चित्राकडून पायाकडे तीनदा गेले. मग हसू आवरत त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि नाव, वय विचारून घेतलं.

चित्राची पाळी आली. “यादीत एक दुरुस्ती,” साहेब खणखणीत आवाजात म्हणाले. “बार्टली मलकेरिन. वय वर्षं सात. मुलगा.”

सभागृहात हशा पिकला. डेलिया सगळ्यांत मोठ्यानं हसली. चार मिनिटांत बोली संपली, हातोडा पडला.

दोन हमाल चित्र उचलून आतल्या दाराकडे निघाले, तशी डेलिया उठली. गावाकडे वाटेत अंत्ययात्रा भेटली, की तिच्याबरोबर तीन पावलं चालायची असतात. ती चालली, एका पायात बूट, दुसरा अनवाणी. फेस्टीनं टोपी काढली आणि तोही निघाला.

तीन पावलांनंतर दोघं थांबली.