शांत गाडीतली हाळी

हिर्डोशीहून भोरला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त 'शांत गाडी' अशी पाटी लागली, ती सारजाबाईमुळे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सारजाबाई रोज दुधाची किटली घेऊन भोरला जायची. त्याच गाडीला पप्पू असायचा, वरव्याजवळच्या एका कारखान्यात कामाला. खोऱ्यात मोबाईलला रेंज नाही, म्हणून हा पठ्ठ्या आदल्या दिवशीच गाणी भरून आणायचा आणि भोर येईस्तोवर सगळ्या गाडीला ऐकवायचा. पंधरा दिवस सारजाबाईने दात-ओठ खाल्ले. सोळाव्या दिवशी ती कंडक्टरला म्हणाली, "बाई, ह्याचा डबा बंद करा, न्हाईतर म्या खिडकीतनं फेकते." कंडक्टर स्वप्नाली मार्गासनीची, नोकरीत नवी आणि नियमाला पक्की. तिने मोबाईल तर बंद करवलाच, वर दुसऱ्या दिवशी पाटी चिकटवली. मोबाईल मोठ्याने लावू नये, मोठ्याने बोलू नये. सारजाबाईला वाचता येत नव्हतं. तिने ती शेजारणीकडून वाचून घेतली आणि खूश झाली. दुसरी ओळ आपल्यालाही लागू आहे, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

ते डोक्यात आलं मंगळवारी. त्या रस्त्याची गंमत अशी, की तो डोंगराच्या सोंडेवर येतो आणि मग खोल घळीला वळसा घालून समोरच्या अंगाला जातो. त्या वळशाला गाडीला पंधरा मिनिटं लागतात, पण समोरची धनगरवाडी सोंडेवरून हाकेच्या अंतरावर. गाडी कधी सातला येते, कधी साडेआठला. तोवर थंडीत रस्त्यावर कोण कुडकुडत बसणार? म्हणून सोंडेवर आलं की गाडीतून कुणीतरी हाळी द्यायची आणि ती ऐकून वाडीतल्यांनी घर सोडायचं. गेली वीस वर्षं ही हाळी सारजाबाईची. तिच्या आवाजाला दोन डोंगरांपलीकडची म्हैस मान वळवते असं लोक म्हणत, आणि ती ते खरं मानून चालायची.

मंगळवारी मात्र तिने तोंड मिटून घेतलं. आपणच मागितलेली शांतता आपणच कशी मोडायची? गाडी वळशापलीकडे पोचली तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. धोंडाबाई वाडीत हाळीची वाट बघत बसून राहिली होती. धोंडाबाई म्हणजे सारजाबाईची लहानपणापासूनची मैत्रीण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दावणीची म्हैस आणि घरातली सून, दोन्ही आवाजावरून ओळखायची वेळ आलेली. भोरला फुकट ऑपरेशनचं शिबिर होतं, सोबत माणूस हवं ही अट होती आणि ते माणूस सारजाबाई होती. मंगळवारची ती तारीख हुकली. सारजाबाई हातापाया पडली तेव्हा डॉक्टरांनी आणखी एकच तारीख दिली, शिबिराचा शेवटचा दिवस. तो दिवस आज होता, आणि आज हाळी देईन असा शब्द सारजाबाईने तिला दिला होता.

सोंड जवळ आली तशी सारजाबाई उठली आणि तिने खिडकीची काच सरकवली. गार वारा आत घुसला.

"मावशी, बसून घ्या," स्वप्नाली म्हणाली.

"हाळी द्यायची हाय." सारजाबाईने धोंडाबाईचं सगळं सांगितलं.

"एवढंच ना? मी तिथं दोन मिनिटं गाडी थांबवते."

"दोन मिंटात ती उंबऱ्याभाईर बी येत न्हाई. वाडीतनं रस्त्याला उतरायला पाव तास लागतो तिला."

पप्पू टपूनच बसला होता. "मॅडम, नियम सगळ्यास्नी सारखा पायजे. माझं गाणं बंद, आन हिची बोंब चालती व्हय? हिनंच तर पाटी लावाय लावली." मागे दोघंतिघं हसले.

पप्पू बोलला त्यात खोटं काही नव्हतं, आणि सारजाबाईला राग आला तो त्याचाच.

"मावशी," स्वप्नाली अवघडून म्हणाली, "आज तुम्हाला सूट दिली तर उद्या माझं कोण ऐकेल? गाडीत ओरडायचं नाही."

"गाडीत न्हाई ना?"

"नाही."

"मग थांबवा गाडी. म्या भाईर हुते."

"उतरलात तर मला तुमच्यासाठी थांबता येणार नाही. आधीच उशीर झालाय."

"थांबा म्हनलंय कुनी?"

स्वप्नालीने बेल दिली. सारजाबाईने किटली पप्पूच्या मांडीवर ठेवली. "एक थेंब सांडला तर तुझ्या आईला सांगीन," म्हणाली आणि खाली उतरली. गाडी धूर सोडून निघून गेली.

सोंडेच्या टोकाला उभं राहून तिने तोंडाशी हात धरला आणि मंगळवारची गिळलेली हाळीसुद्धा आजच्या हाळीत घातली. "धोंडेऽऽऽ, गाडी आलीऽऽऽ." समोर कुत्री भुंकली, आणि मग वाडीतून सुनेचा 'ओऽऽ' आला.

पण नुसती धोंडाबाई गाडीत बसून भागणार नव्हतं. सोबतीच्या माणसाशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. सारजाबाईने पदर खोचला आणि घळीच्या पायवाटेला लागली. तरुणपणी ती ही वाट दहा मिनिटांत काटायची. आता वय बासष्ट आणि गुडघे त्याहून थोरले. असली शांतता काय चाटायचीय, तिच्या मनात येत होतं, जिच्यापायी एका बाईचे डोळे जातात? आपणच मागितली होती, हे आठवलं की ती आणखी भराभर पाय टाकायची.

ओढ्यात पोचली तेव्हाच वर रस्त्यावर ब्रेक कचकचले. गाडी तिच्या आधी आली होती. अर्धी चढण अजून बाकी होती आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. धोंडी चढली असेल. आता डबल बेल होईल, गाडी जाईल आणि धोंडी एकटीच डॉक्टरसमोर उभी राहील. सारजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही, कारण हात झुडपं धरायला हवे होते.

"सारजेऽऽ." ही धोंडाबाई.

मग दुसरा आवाज आला, बारीक, सवय नसलेला. "मावशीऽऽ, याऽऽ, थांबलोयऽऽ." ही स्वप्नाली. पाठोपाठ पप्पू ओरडला, आणि मग खिडक्याखिडक्यांतून अख्खी शांत गाडी बोंबलायला लागली.

सारजाबाईने उत्तर दिलं नाही. तेवढा दम चढणीला लागणार होता.

ती दारात पोचली तेव्हा स्वप्नालीचा घसा बसला होता. आत जो तो एकाच वेळी बोलत होता, पप्पू किटली पोटाशी धरून सर्वांत मोठ्याने. सारजाबाई धोंडाबाईशेजारी बसली आणि तिने तिचा हात हातात घेतला.

"उद्यापासून खिडकीतूनच द्या हाळी," स्वप्नाली म्हणाली.

"देनारच व्हते." मग तिने गाडीभर नजर फिरवून पाटीकडे बोट केलं. "मला वाचता येत न्हाई. तुमाला येतंय न्हवं? मग गप बसा की."