ड्रायव्हर साईड

आदिनाथची लाल गाडी नगरात लांबून वळखू यायची. सेडानच, पन बुटकी आन् पळायला लई तेज. पन्नाशी आल्यावर मानूस उंच, ऐसपैस गाडी घेतो, ह्यानं ही जमिनीला टेकलेली घेतली. त्याची आई छबूबाई म्हनायची, "हिच्यात बसायचं म्हंजे पाटावर बसल्यावानी. फकस्त ताट तेवढं म्होरं न्हाई." पन बसायची.

बसायची ती दिवाळीपतूर. राजूरला आपल्या भावाकडं, श्रीमंताकडं, भाऊबीज करून ती लेकासंगं माघारी निघाली हुती. विठ्याच्या घाटात, उताराला, आदिनाथनं ब्रेक दाबला आन् पाय लोन्यात गेल्यावानी खाली गेला. हँडब्रेक वढ, गिअर पाड, असं करत त्यानं गाडी कशीबशी कडंच्या दगडाला टेकवली. फुडच्या चाकातनं धूर निघत हुता. छबूबाई उतरली, पदर सारखा केला, मागनं यश्टी आली तिला हात केला. चढताना एवढंच बोलली, "मला यश्टी फुकट हाय. तू ये मागनं, आलास तर."

तवापासनं ती गाडीत बसलीच न्हाई.

आता श्रीमंताच्या नातीचं, संस्कृतीचं लगीन निघालं, राजूरलाच. छबूबाई घरातली थोरली, तिचा मान. आन् तिचं एकच, यश्टीनं जानार. आदिनाथच्या डोळ्याफुडं सारखं तेच यायचं. आपन मांडवापाशी लाल गाडीतनं उतरतोय, आन् आई स्टँडवरनं पिशवी घिऊन चालत येतीय. भावकी काय सोडती व्हय? पन भावकीचं निमित्त. आईला आपल्या ब्रेकवरच्या पायाचा भरवसा ऱ्हायला न्हाई, हे त्याला आतनं टोचत हुतं.

म्हनून तो गिदोनच्या ग्यारेजला गेला. एमआयडीसीच्या आलीकडं गिदोनचं पत्र्याचं शेड. दोघं एका बाकावर नापास झालेले, त्यामुळं बोलायला आडपडदा न्हाई.

गिदोननं चाक काढून बघितलं. "आद्या, इंजिन घोड्याचं आन् ब्रेक शेळीचं. दिवसभर सपाटीला चालतंय, घाटात तापलं की संपलं. ह्याच गाडीचं मोठं मॉडेल येतं, त्येचे कॅलिपर टाकू. मोठी डिस्क, मोठी पकड."

कॅलिपर म्हंजे चाकासंगं फिरनाऱ्या डिस्कला दोन्हीकडनं चिमटा घेनारा लोखंडी पंजा. मोठ्या मॉडेलची जोडी पुन्याच्या एका भंगारवाल्याकडं घावली, दुबईत ठोकलेल्या गाडीची. भंगारवाला मानूस बारकाईचा. एका कॅलिपरला चिठ्ठी 'ड्रायव्हर', दुसऱ्याला 'पॅसेंजर'.

गिदोननं सगळं नीट केलं. रबरी सील नवे, पॅड नवे, डिस्क नव्या. चाक आत घासत न्हाई ना, ते फिरवून बघितलं. ड्रायव्हरची चिठ्ठी ड्रायव्हर साईडला, पॅसेंजरची दुसरीकडं. मग ब्रेकच्या तेलातली हवा काढायला बसला आन् आदिनाथला शिटवर बसवलं.

"मार."

आदिनाथनं पेडल मारलं, परत मारलं.

"धर."

धरलं. खालनं नळीतनं तेल फुसफुसलं.

"सोड. कसं लागतंय?"

"मऊ."

"परत मार."

सकाळ सरली तरी 'मार, धर, सोड' संपंना. बाटलीमागनं बाटली तेल गेलं. पेडल आपलं भिजल्या उशीवानी.

"गिद्या, तो हवा काढायचा निपल खालच्या अंगाला का रं हाय? माझ्या जुन्याला वर हुता."

"परदेशी माल हाय बाबा. त्येंचं सगळं उलटंच असतं. तू पाय चालव, डोकं नको."

"माझा पाय ग्यालाय आता. आईला काय सांगू, हवा निघंना?"

"मावशीला सांग, गिदोननं हात टेकले. म्हंजे ती हसत हसत यश्टीत बसंल."

"लई झालं तुझं."

तेवढ्यात गिदोनची बायको दया डबा घिऊन आली. एका हातात डबा, दुसऱ्यात मोबाईल, त्याच्यावर तिची बहीन ग्लोरिया. ग्लोरिया दुबईला नर्स. आत्ता मोबाईल म्होरं टेकवून कुठंतरी गाडीत हुती, काचंमागं उंच बिल्डिंगी पळत हुत्या.

"बोला आवो, दाजी कुठंयत म्हनतीय."

गिदोननं गाडीखालनं मुंडी काढली, मोबाईलात बघितलं आन् वरडला, "आगं ये! दोन्ही हातानं केस बांधतीय आन् गाडी चालवतीय! मरशील!"

ग्लोरिया तिकडं खदाखदा हसायला लागली. दयानं कपाळाला हात लावला. "आवो, ती कुठं चालवतीय? शेजारी बसलीय."

"मला काय येडा समजती? उजव्या अंगाला बसलीय की! ड्रायव्हर साईडला!"

"तिथं ड्रायव्हर डाव्या अंगाला बसतो, दाजी," ग्लोरिया म्हनाली. "मागं बी सांगितलं हुतं."

गिदोन उठला न्हाई. तसाच उताना पडून वरच्या पत्र्याकडं बघत ऱ्हायला. मग त्यानं मान वळवून कॅलिपरकडं बघितलं. मग फेकून दिलेल्या चिठ्ठीकडं.

"आद्या."

"काय?"

"उतर खाली. आन् हसू नको."

"काय झालं पन?"

"दुबईचा ड्रायव्हर आपन आपल्या ड्रायव्हर साईडला बसवला. डाव्याचा कॅलिपर उजव्याला, उजव्याचा डाव्याला. निपल खाली, हवा वर. ती वर चढून बसलीय आन् मी खालनं बोलवतोय. ती कशाला येतीय?"

दया डबा ठिवत म्हनाली, "त्येंचं सगळं उलटंच असतं, असं मगाशी कोन म्हनत हुतं? रस्त्यापतूर ऐकू येत हुतं."

"जेवायला वाढ," गिदोन म्हनाला.

जेवून त्यानं दोन्ही कॅलिपर काढले आन् आदलाबदल करून बसवले. निपल वर आले. मार, धर, सोड. आधी नळीतनं बुडबुडे आले भसाभसा, मग नुसतं तेल. आदिनाथनं पाय दाबला तर पेडल वरच थटलं, दगडावर पाय ठिवल्यावानी. एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्याला दोघांनी गाडी पळवून, थांबवून बघितली. परत परत. गिदोनचं डोकं म्होरं आपटायला आलं तवा तो म्हनाला, "बास. आता मावशीला बसव."

छबूबाईनं समदं ऐकून घेतलं, दुबई बी ऐकली. म्हनाली, "जाताना चढ हाय, बसते. येताना घाटाच्या तोंडाला मला उतरव. तिथनं खालपतूर यश्टी."

"बरं."

लगीन झालं. मायलेकाला गाडीतनं उतरताना भावकीनं बघितलं. माघारी घाटाच्या तोंडाला आदिनाथनं शब्दापरमानं गाडी उभी केली. छबूबाईनं मागं वळून बघितलं. यश्टीचा पत्ता न्हाई, वर ऊन रनरनतंय.

"हळूहळू चल. दिसली की थांबव."

वळनं मागं पडत गेली. आदिनाथचं सगळं ध्यान तळपायात. मधल्या एका वळनाला धनगराची मेंढरं रस्त्याच्या मधोमध उभी. त्यानं पाय दाबला. गाडी जाग्यावर खिळली, आन् छबूबाईच्या मांडीवरचा बुंदीचा डबा उडून पायाशी उपडा झाला.

"मुडद्या! हळू दाब की जरा! मानसं हायती का पोती?"

मेंढरं बें बें करत पल्याड गेली. आदिनाथचा पाय अजून पेडलवरच हुता आन् पेडल वरच हुतं. तेवढ्यात मागनं यश्टीचा हॉर्न वाजला.

"आई, आली तुझी यश्टी. करू हात?"

छबूबाई वाकून बुंदी गोळा करत हुती. मान वर न करता म्हनाली, "जाऊ दे तिला म्होरं. आधी हे भरू लाग, न्हाईतर पाय देशील."

यश्टी बाजूनं घरघरत उतरून गेली. डबा भरला, झाकन लागलं, गाडी निघाली. छबूबाईनं दारावरचं कडं एका हातानं घट धरलं हुतं. ते मात्र तिनं घाट उतरंस्तवर सोडलं न्हाई.