प्रिंटरमधून आलेली भुताची लिपी

प्रिंटर आपोआप खडखडला, आणि रुग्णालयाच्या नोंदणी विभागात आम्ही सगळे भिंतीला चिकटलो. पान बाहेर आलं. चौकोन, तुटकी अक्षरं, जगातली कुठलीच भाषा नाही. मग शेजारच्या खोलीतला प्रिंटर, मग जिन्याखालचा. दारात रुग्णांचे नातेवाईक माना उंच करून बघत होते. आज मी ऐंशी ओलांडली, पण तो आवाज आठवला की अजून अंगावर काटा येतो.

"अण्णाच!" शिपाई पुटपुटला.

अण्णा आमचे नोंदणी कारकून. दोन महिन्यांपूर्वी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांच्या जागी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हंगामी घेतलं होतं. कायम करायचं की नाही, ते महिनाअखेर ठरणार होतं. घरात शिकणाऱ्या दोन मुली. अण्णांचा कोपऱ्यातला कॉम्प्युटर वहिनी कुणाला बंद करू देत नव्हत्या. त्यावर त्यांची अर्धी राहिलेली नोंद तशीच दिसे. आम्हीही लांबून जायचो. गेलेल्या माणसाच्या वस्तूला हात कोण लावणार?

अधीक्षकांनी एका बाबांना आणलं. "आत्मा विजेत शिरलाय, तारेतून हिंडतोय! कोपऱ्यातलं त्याचं आसन सोडून सगळी यंत्रं बंद करा!" बाबांनी धूर केला. बंद केलेले प्रिंटर अर्थातच गप्प बसले. लोकांनी हात जोडले. यंत्रं सुरू केली आणि तासाभरात पुन्हा खडखड.

बाबांनी ते पान कपाळाला लावलं, डोळे मिटले. "म्हणतोय, माझ्या खुर्चीवर बायको नको. घालवा तिला."

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. "ते असं नाही हो बोलायचे," एवढंच म्हणाल्या. अधीक्षकांनी मान खाली घातली. मीही तेच केलं, त्याची लाज अजून वाटते.

तेवढ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. बाबा यायच्या आधी दोनदा आमची यंत्रं साफ करून गेल्या होत्या, तरी तिसऱ्यांदा बोलावणं. त्यांनी पिशवीतून एक पान काढलं. "बाबा, हे वाचता?"

"आजच घालवा म्हणतोय, नाहीतर अनर्थ होईल!"

"हे पान दुसऱ्या गावच्या बँकेतलं आहे. अण्णा तिकडेही नोकरीला होते का?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी दोन्ही पानं खिडकीच्या काचेवर एकावर एक धरली. अक्षर अक्षरावर बसलं.

"ही कीड आहे. कुणीतरी मुद्दाम लिहिलेला प्रोग्राम. तारेतून मिळेल त्या यंत्रात स्वतःची नक्कल पाठवतो. प्रिंटरलाही यंत्रच समजतो. तो बिचारा काय करणार? आलं ते छापतो. मी साफ केलं तरी ती परत येते, म्हणजे कुठेतरी उरते. मी कुठल्या यंत्राला हात लावला नाही?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"त्यांची नोंद जाईल?" वहिनींनी विचारलं.

"नाही. आधी ती कागदावर उतरवून घेऊ."

वहिनींनी ती स्वतःच्या हातानं उतरवली, आणि त्या यंत्राची तार स्वतःच ओढली. मग बाईंनी बाकीच्या सगळ्या तारा काढल्या, यंत्रं एकेक करून साफ केली, कीड शिरायची भोकं बुजवली, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. आमचे पेनड्राइव्हही तपासले. सगळं स्वच्छ झाल्यावरच तारा जोडल्या. "एक जरी राहिलं, तरी सगळं पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. बाबा केव्हा सटकले, कळलंच नाही.

आठवडा गेला. प्रिंटर सांगितलं तेवढंच छापत होते. महिनाअखेर वहिनी कायम झाल्या.

बाळांनो, भीती वाटली तर वाटू दे. मलाही वाटली होती. पण ती वाटत असताना कुणी एखाद्या बाईला घालवायला सांगितलं, तर मान खाली घालू नका. पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टीला कारण असतं. आपण जिथे हात लावायला घाबरतो, तिथे आधी शोधा.