भय्यासाहेबांची रनिंग कॉमेंट्री

माझी पुतणी निहारिका पाच वर्षांची. डोळ्यांच्या नसा जन्मापासूनच बारीक. उजेड-अंधार कळायचा, बाकी सगळं धूसर. चौऱ्याण्णव साली इंदूरचे डॉक्टर म्हणाले, "नजरेतून मेंदूला जे मिळत नाही, ते हातांतून, कानांतून मिळू द्या. मेंदू अजून घडतोय."

माझे वडील भय्यासाहेब रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. त्यांनी यातले फक्त कान ऐकले आणि घरात हुकूम काढला: कुणीही काहीही गुपचूप करायचं नाही.

मग आई: "मी आजी, मिरच्यांची देठं काढतेय." मी: "मी सौमित्रकाका, काहीच करत नाहीये." भय्यासाहेब स्वतःच्या दाढीचंही वर्णन करत, दोन्ही गालांचं वेगवेगळं. आठवड्याभरात दूधवालाही दारातून ओरडू लागला, "बिटिया, मैं श्रीनाथ, आज पानी नहीं मिलाया!" केबल नुकतंच आलं होतं, कुणी लावेना.

निहारिका मात्र कानांवर हात ठेवून पुढेमागे झुलायची. टॉवर चौकामागच्या शाळेत प्रवेशासाठी नेलं, तिथेही तेच. बडी मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "एक महिना देखते हैं. बात करेगी तो रख लेंगे."

"अजून बोला हिच्याशी!" भय्यासाहेब म्हणाले.

"बाबा, बस झालं," निहारिकाची आई, रजनीवहिनी म्हणाली. "सगळे एकदम बोलता, तिला त्यातलं काय धरावं तेच कळत नाही. एका वेळी एकानेच बोला. आणि आधी वस्तू हातात द्या."

भय्यासाहेब रुसून तीन दिवस गप्प बसले. त्याचाही फायदा झाला. चौथ्या दिवशी निहारिकाने माझ्या आईच्या हातातली भेंडी ओढली, टोकापासून देठापर्यंत चाचपली आणि विचारलं, "हिला केस का?"

महिन्याने पुन्हा शाळा.

"बेटा, नाम क्या है?"

निहारिका झुलू लागली. भय्यासाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मॅडमसाठी आणलेला पेढा मी त्यात कोंबला.

कुणीच बोललं नाही. निहारिकाचा हात टेबलाच्या कडेने सरकत कोपऱ्यापर्यंत गेला, वळला आणि मॅडमच्या बांगड्यांवर येऊन थांबला. झुलणं थांबलं नाही, कमी झालं.

"निहारिका," ती म्हणाली. "तुम्हारा?"

हे मॅडमना बहुतेक पुष्कळ वर्षांत कुणी विचारलं नसावं. त्यांनाही वेळ लागला. आम्ही थांबलो.

"सुमन," त्या म्हणाल्या. उजवा हात तिच्याकडेच राहू दिला आणि डाव्या हाताने ॲडमिशनचा फॉर्म भरायला घेतला. अक्षर फारच वाईट आलं.