खडे नव्हतेच

दोघी बहिणी पडदे शिवायच्या. बाजाराच्या मागच्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. दोन मशीन, कापडाचे तागे, कापायला लांब टेबल आणि खिडकीशी इस्त्री. गिऱ्हाइकं त्यांना नुसतं 'जोडी' म्हणायची. दोघी अंगाने सारख्याच दणकट, जिन्यात शेजारी-शेजारी मावायच्या नाहीत. आणि या गोष्टीवर विनोद करायला त्या दुसऱ्या कोणाला संधीच देत नसत. "आम्ही दोघी खिडकीत उभ्या राहिलो तरी उजेड अडतो, पण रोज कुठे येणार? म्हणून पडदा घ्या," असं धाकटी गिऱ्हाइकाला सांगायची. गिऱ्हाईक हसायचं, काम पक्कं व्हायचं.

थोरलीही हसायची. मागच्या वर्षी मात्र एक झालं. एका घरी मापं घ्यायला गेल्या असताना ती स्टुलावर चढायला लागली, तर घरमालकीण स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, नको, नको! तुमच्यासाठी नाही ते. म्हणजे, नाजूक आहे जरा." धाकटीने काहीतरी चावट बोलून वेळ मारून नेली. थोरलीने पाय खाली ठेवला, आणि समोरच्या मोठ्या काचेत तिला दोघी दिसल्या. हातात टेप घेतलेल्या, घामेजलेल्या, दार भरून उभ्या. तिला त्या क्षणी जे वाटलं ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

गुडघे तर आधीपासूनच बोलत होते, साखरही वाढली होती. डॉक्टरांनी जठर लहान करून घेण्याचं ऑपरेशन सुचवलं आणि थोरलीने फार विचार न करता हो म्हटलं. विचार केला तो फक्त धाकटीला काय सांगायचं याचा.

कारण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या ओळखीतल्या एका बाईने हेच ऑपरेशन करून घेतलं होतं. तेव्हा धाकटी दोरा दाताने तोडत म्हणाली होती, "तोंडाला लगाम घालता येत नाही म्हणून डॉक्टरकडून पोटाला टाके! आपण बाई जशा आहोत तशा बऱ्या." आणि सगळ्यात मोठ्याने हसली होती ती थोरलीच.

तिने सांगितलं, पित्ताशयात खडे झालेत.

"तरीच!" धाकटी म्हणाली. "तरीच इतकी खेकसतेस गं ताई. मला वाटायचं स्वभाव आहे, हे तर नुसतं पित्त!" मग तिने सगळी कामं स्वतःकडे घेतली, थोरलीच्या मशीनवर चादर टाकली आणि जिन्यापर्यंत सोडायला आली. दवाखान्यात भेटायला एकालाच सोडतात, असंही थोरलीने सांगून ठेवलं होतं. एक खोटं बोललं की त्याला चारी बाजूंनी दुमड घालावी लागते, नाहीतर धागे सुटतात.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पोटावर पाच लहान छेद, त्यांचं दुखणं सोसण्यासारखं होतं. दुखत होता तो खांदा. डावा खांदा, आतून, कोणी आकडा अडकवून ओढतंय तसा. थोरली घाबरली, तिला वाटलं हृदयाचं काही आहे. नर्सने समजावलं, "दुर्बिणीचं ऑपरेशन करताना पोटात गॅस भरून ते फुगवतात. थोडा आत राहतो. तो वर चढून बसतो आणि खांदा धरतो. चार-पाच दिवसांत जाईल. चालत राहायचं, तोच उपाय." मग दारातूनच सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "वारा सरला का?"

थोरलीने मानेनेच नाही म्हटलं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा नवरा गडबडीने पेपर वाचू लागला. दर दोन-तीन तासांनी नर्स हेच विचारी आणि थोरली चादर हनुवटीपर्यंत ओढून घेई. पन्नाशीला आलेली बाई, आणि सगळं जग तिच्या पादण्याची वाट बघत होतं.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. नवरा टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचा. त्याने दोन दिवसांची रजा काढली होती, ती संपली. पाचव्या दिवशी जाताना तो म्हणाला, "धाकटीला सांगून टाक. माझ्याच्याने तिच्याशी नजर मिळवून बोलवत नाही."

"सांगते," थोरली म्हणाली. "बरं वाटलं की."

दवाखान्याने दिलेला कागद तिने कपाटात टॉवेलांच्या खाली सारला होता. काय प्यायचं, किती घोट, काय चालणार नाही, सगळं त्यात होतं. बुडबुडे असलेलं पेय नको. नळीने पिणं नको, हवा आत जाते. तिने तो इतक्यांदा वाचला होता की पाठ झाला होता.

दुपारी दुकानाला कुलूप लावून धाकटी आली. थोरली पलंगाच्या कडेला बसून पोट धरून होती. सकाळपासून पोटात गॅस फिरत होता. कधी बरगडीखाली गोळा, कधी पाठीत कळ, वरही येईना आणि खालीही जाईना.

"गॅस झालाय ना?" धाकटीने तोंड बघूनच ओळखलं. "मला ठाऊकच होतं." तिने पिशवीतून सोड्याची थंडगार बाटली काढली आणि त्यात नळी घातली. "हे घे. एक ढेकर आली की मोकळी होशील."

"नको गं. डॉक्टरांनी—"

"डॉक्टरांना काय कळतंय? खाली किल्लीवाल्याच्या मेव्हण्याचं पित्ताशय काढलं, तेव्हा मीच पाजला होता. दुसऱ्या दिवशी शिडीवर चढला तो!"

थोरलीने बाटलीकडे पाहिलं. पित्ताशय काढलेल्या माणसाला चालत असेल, हे तिला नाकारता येईना. का नको, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. तिच्या पुढ्यात धाकटी दमून, जिना चढून धापा टाकत उभी होती, कपाळावर घाम, पदराला चिकटलेला दोरा. दोन माणसांचं काम एकटी उपसून वेळ काढून आलेली. थोरलीने बाटली घेतली. एक घोट. मग "अगं नीट पी" म्हणून अजून दोन. मग चौथा.

पाच मिनिटांत तिला कळलं आपण काय केलं ते. आधी छातीच्या मधोमध काहीतरी फुगत गेलं, जसं काही केळ्याएवढ्या उरलेल्या जठरात कोणी पंपाने हवा भरतंय. श्वास वरच्या वर राहिला. कळ खांद्यात शिरली, मानेपर्यंत गेली. ती पलंगावर आडवी होऊ गेली तर अजून वाढली, म्हणून गुडघ्यांवर जमिनीवर बसली आणि पलंगाच्या काठावर कपाळ टेकलं. तोंडाला पाणी सुटलं होतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"ताई! ताई, काय होतंय?" धाकटी तिची पाठ चोळू लागली. "मीच मेलीने पाजलं. माझ्यामुळे झालं." तिने टेबलावरची दवाखान्याची औषधाची पिशवी ओढली, वर छापलेला नंबर लावला आणि फोन कानाला लावून रडवेल्या आवाजात बोलू लागली. "हॅलो, माझ्या बहिणीचं तुमच्याकडे पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय. मी तिला सोडा दिला. हो, पित्ताशय. हो, खडे."

थोरलीने डोकं वर केलं. पलीकडची नर्स पित्ताशयाचा उपाय सांगणार, हे तिला दिसत होतं. आणि "मीच पाजलं, मीच पाजलं" हे धाकटी पुढे कितीतरी दिवस म्हणत राहणार, हेही.

"दे इकडे," ती म्हणाली. धाकटी देईना. तिने मनगट धरून फोन काढून घेतला आणि धाकटीच्या पायांशी बसूनच बोलली, "पित्ताशय नाही. माझं जठर लहान केलंय. वजनासाठी. आज पाचवा दिवस. मला सोडा चालत नाही हे माहीत होतं. तरी प्यायले."

नर्सने ताप आहे का विचारलं, उलटी झाली का विचारलं, नाडी मोजायला सांगितली. थोरली मोजू शकेना. धाकटीने खाली वाकून तिचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर मोजलं आणि म्हणाली, "चौऱ्याण्णव." आवाज अगदी सपाट होता, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसा.

नर्स म्हणाली, नाडी एकशेवीसच्या वर गेली, ताप आला किंवा कळ वाढतच गेली तर एक क्षण न थांबता आणा. नाहीतर उठवा, हळूहळू चालवा. अर्ध्या तासाने मला परत फोन करा, बरं नसेल तर तपासायला यावंच लागेल.

इमारतीचा व्हरांडा लांब होता. बारा पावलं इकडे, बारा पावलं तिकडे, मध्ये चार घरांची दारं. धाकटीने तिच्या काखेत हात घातला आणि दोघी चालू लागल्या. दोन फेऱ्या झाल्या.

"छोटे," थोरली म्हणाली.

"बोलू नकोस. हवा आत जाते."

अजून दोन फेऱ्या झाल्या. धाकटीचा हात घट्ट होता, अजिबात सैल पडला नाही. पण तिने एकदाही वळून पाहिलं नाही. थोरलीला वाटलं, हिने हात सोडून शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सहाव्या का सातव्या फेरीला, शेजारीण दारात कुंडीला पाणी घालत असताना, थोरलीच्या पोटात मोठा गुडगुडाट झाला. आणि गेले पाच दिवस सगळे ज्याची चौकशी करत होते ते झालं. आवाज करत, लांबलचक, थांबून पुन्हा. थोरलीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. शेजारणीने पाण्याचा तांब्या होता तिथेच धरून ठेवला, मग आत जाऊन दार लोटलं.

एरवी धाकटी हसून हसून व्हरांड्यात बसलीच असती. आठवडाभर तिने तो आवाज काढून दाखवला असता. आज तिने फक्त विचारलं, "कमी झालं?"

"झालं थोडं."

"मग अजून चार फेऱ्या."

खांद्याची कळ उतरली. धाकटीने नर्सला फोन करून सांगितलं, थोरलीला पाठीमागे तीन उशा देऊन बसवलं, सोडा मोरीत ओतला आणि बाटली धुऊन पिशवीत ठेवली. चपला घालताना ती दाराकडे तोंड करून म्हणाली, "लोकांपासून लपवलंस ते कळतं. मी लोक कधीपासून झाले?"

ती जिना उतरून गेली.

त्यानंतर नऊ दिवस धाकटी आली नाही. रोज संध्याकाळी भावोजींना फोन करून नाडी आणि ताप विचारायची, "तिला द्या" म्हणायची नाही. थोरली दिवसातून सहा वेळा व्हरांड्यात फेऱ्या मारी, चमच्याचमच्याने पातळ सूप घेई. गॅस हळूहळू गेला, वजनाचा काटा उतरला. नवऱ्याने कौतुक केलं, तर ती म्हणाली, "राहू दे." आरशात चेहरा ओसरलेला दिसत होता, आणि तो तिला चोरून आणलेल्या वस्तूसारखा वाटत होता.

पंधराव्या दिवशी ती दुकानाचा जिना चढली. धाकटी एका लांब पडद्याला अस्तर लावत होती. तिने मान वर केली, मशीन थांबवलं नाही.

"उचलायचं काही नाही," ती म्हणाली. "रिंगा मोजून ठेव."

थोरली रिंगांचा डबा घेऊन बसली. एक शिवण संपून धाकटीने दोरा कापला तेव्हा ती म्हणाली, "सांगू का, का नाही सांगितलं ते?"

"मी हसले असते म्हणून."

"तेही होतंच. पण तेवढंच नाही." थोरलीच्या हातात रिंगा होत्या, त्या तिने टेबलावर ठेवल्या. "त्या स्टूलवालीच्या घरी काचेत आपण दोघी दिसलो. मला लाज वाटली. माझी वाटली, आणि तुझीही वाटली. तू माझ्यासाठी तिला हसवत होतीस आणि मी मनात म्हणत होते, हिच्या शेजारी उभं राहायला नको. आता हे तोंड कुठे दाखवू, म्हणून खडे सांगितले."

धाकटी बराच वेळ बॉबिनला दोरा गुंडाळत राहिली. ती गुंडाळून भरली तरी तिचा हात फिरत होता.

"मलाही वाटते कधीकधी," ती शेवटी म्हणाली. "माझी. तुझी कधी नाही वाटली."

थोरलीचे डोळे भरून आले. तिने पुसले नाहीत. धाकटीनेही नेहमीसारखा विनोद करून तिला थांबवलं नाही.

तेवढ्यात खालचा किल्लीवाला जिन्यातून डोकावला. "अरे वा, बाई आल्या! काय उतरलात हो! मेव्हणा माझा पित्ताशय काढून एक किलो नाही उतरला. काय केलंत?"

खरं सांगायला थोरलीने तोंड उघडलं आणि पुन्हा रिंगा मोजायला घेतल्या.

"खडे मोठे होते तिचे," धाकटी मशीनवरून नजर न उचलता म्हणाली. "तुमचं काम बोला."

किल्लीवाला गेला. हे खोटं धाकटीने तिच्यासाठी उचललं होतं, आणि ते थोरलीला स्वतःच्या खोट्यापेक्षा जड वाटलं. "तुला नको होतं बोलायला," ती म्हणाली.

"पोट तुझं आहे. ज्या दिवशी तुला सांगवेल त्या दिवशी सांग. मी काही दवंडी पिटणार नाही." मग तिने विचारलं, "किती खातेस आता?"

"चार चमचे. कधी पाच."

"आणि खांदा?"

"घाईने पाणी प्यायले की धरतो अजून."

धाकटीने मान हलवली. अस्तराचं दुसरं टोक तिने टेबलावरून थोरलीकडे सरकवलं. "हे धर ताणून. उभी राहू नकोस, बसूनच धर."

थोरलीने टोक धरलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो पडदा पुरा केला. बोलल्या त्या कामापुरतंच, आणि मधे एकदा धाकटीने ग्लासभर कोमट पाणी आणून तिच्या हाताशी ठेवलं.