गप्प बसवलेली गुणगुण

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका अरुंद दुकानात, सर्वांत वरच्या फळीवरून मला खाली उतरवण्यात आले. त्यापूर्वीची सहा वर्षे मी तेथे उताणा पडून छताकडे पाहत होतो.

मित्रांनो, मी एक जुना काट्याचा मीटर आहे. विजेचा दाब मोजणे हे माझे काम. काळे अंग, काचेखाली कमानदार पट्टी आणि तीवर केसासारखा बारीक काटा. कारखान्यात एका बाईने डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून तो बसवला. पुढे दुरुस्तीवाल्या काकांनी मला विकत घेतले. "हा कुणाची भीड ठेवत नाही," असे ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. मग आकडे दाखवणारा नवा मीटर आला. काकांची दृष्टी मंदावली होती, आकडे ठळक होते. तक्रार करण्यास मला जागा नव्हती. तरीही माझ्या पोटातला मेलेला सेल कोणी काढला नाही, याचे वाईट वाटले.

त्या दिवशी एक तरुण आपल्या धाकट्या बहिणीची विजेची गिटार घेऊन आला. संध्याकाळी तिचा गाण्याचा कार्यक्रम होता. गिटारीच्या तारांखाली दोन पिकअप असतात, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. ती कंपनाची वीज करते. त्यातील एक या दादाने स्वतः बदलले होते.

"एकेकटं वाजवलं की झकास. दोन्ही एकदम लावली की आवाज पत्र्यासारखा!"

"नवरा-बायकोसारखं झालंय," काका म्हणाले. "एक ओढतो, दुसरा ढकलतो. संसार जागच्या जागी."

नव्या मीटरवर आकडे नुसते भिरभिरले. तेव्हा काकांनी माझ्या दोन वायरी एका पिकअपला जोडल्या आणि त्यावर लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवला. माझा काटा उजवीकडे उडाला. दुसऱ्याला तसेच जोडून टेकवला, तर डावीकडे. आकड्याला दिशा सांगता येते. पण क्षणभराचा धक्का डोळ्यांना दाखवावा तो काट्यानेच. काकांनी एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल केली. दुकानातल्या अॅम्प्लिफायरवर गिटार भरून वाजली आणि मागे एक बारीक गुणगुण ऐकू आली.

"एवढी गुणगुण?" दादा हसला. "आमचा अॅम्प्लिफायरचा डबा बघा, अगदी गप्प. आधी सभागृहातल्या माइकबरोबर लावला की फार कुरकुरायचा. मी प्लगची तिसरी पिनच कापून टाकली."

काकांच्या हातातील स्क्रूड्रायव्हर थांबला.

"अर्थिंगची?"

"तीच. तिच्यावाचून काही अडत नाही हो."

"बहीण कुठंय?"

"सभागृहात. त्याच डब्याला दुसऱ्याची गिटार लावून आवाज बघतेय. का?"

"फोन लाव तिला."

फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. काकांनी दोन्ही मीटर पिशवीत कोंबले. दोन गल्ल्यांचे अंतर मी अंधारात, काचेवर वायरींचे फटके खात कापले.

सभागृह रिकामे होते. व्यासपीठावर ती मुलगी गिटार गळ्यात अडकवून उभी होती. डावा हात तारांवर. माइकच्या लोखंडी जाळीवरचा स्पंज धुऊन खुर्चीवर वाळत घातला होता. ती उघड्या जाळीकडे वाकत होती.

"थांब! तोंड लावू नकोस!"

ती दचकून मागे सरली. "काका, अजून सूर लावलाच नाही, तोवर एवढी नाराजी?"

"आधी हात काढ तारांवरून. गिटार खाली ठेव."

काकांनी नव्या मीटरचे एक टोक तारांना आणि दुसरे जाळीला लावले. आकडा आला: दोनशे चार.

"हा कधी कधी भुताटकीचाही आकडा दाखवतो," दादा म्हणाला. "मागे तुम्हीच म्हणाला होतात."

त्याचे चूक नव्हते. नवा मीटर इतका हलका की वाऱ्यावरच्या दाबानेही आकडा दाखवतो. मी मात्र मोजताना थोडी वीज स्वतः पितो. पोकळ दाब मला हलवू शकत नाही. आणि दाब मोजण्यास मला सेल लागत नाही. काकांनी मला जोडले. माझा काटा सरळ वर चढला, दोनशेपाशी पोहोचला आणि तेथेच उभा राहिला. त्या वेळी तो खाली पडावा, असे मला प्रथमच वाटले. डब्यात गळणाऱ्या विजेची जमिनीत जायची वाट कापल्यामुळे ती गिटारीच्या तारांवर आली होती, आणि जमिनीला जोडलेल्या जाळीकडे जायची तिची वाट त्या मुलीच्या ओठांतून होती.

"काल सरावात माइकजवळ ओठांना मुंग्या आल्या होत्या," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, घाबरलेय."

"काल मधे स्पंज होता," काका म्हणाले.

दादाने भिंतीवरचे बटण बंद केले आणि प्लग उपसला. तेथे दोनच पिना होत्या. तो त्यांच्याकडे पाहत खाली बसला. बहिणीला त्रास होऊ नये म्हणूनच त्याने ती कापली होती.

मित्रांनो, कोणी म्हणेल, यंत्राच्या कुरकुरीला एवढे महत्त्व कशाला? माझे म्हणणे उलट आहे. कुरकुर करणारे यंत्र अजून आपल्याशी बोलत असते. त्याला गप्प करण्यापूर्वी ते काय सांगते, एवढे विचारा; आणि विचारता येत नसेल, तर ज्याला येते त्याच्याकडे न्या.

"गिटार तर नीट झाली ना, काका?" तिने विचारले.

काकांनी माझ्या वायरी गुंडाळल्या.

"गिटार नीट आहे. हा डबा आज वाजणार नाही."